पाळीत पोट दुखतं आणि पोट बिघडतं पण : काउंटरवर रोज विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत विश्रामबागला आमचं मेडिकल आहे आणि फार्मसिस्ट म्हणून काउंटरला मीच असते. बाई बसलेली दिसली की कॉलेजच्या पोरी, द्राक्षबागेत कामाला जाणाऱ्या बायका, शाळेतल्या मुलीची आई असं सगळं येतं, दुकानात दुसरं गिऱ्हाईक असलं की बाजूला उभं राहतं आणि ते गेलं की हळू आवाजात विचारतं. "पोटात दुखतंय, गोळी द्या" एवढंच सांगतात, जुलाब होतायत, शौचाला बसलं की कळ येते हे मात्र दहा वेळा विचारल्यावर निघतं. आणि खरं तर तेच आधी सांगायला पाहिजे. म्हणून नेहमीचे प्रश्न इथं एकत्र लिहितेय. मी डॉक्टर नाही, औषधांचं आणि रोज कानावर येतं त्यातलं जे पक्कं माहितेय तेवढंच लिहिलंय.

पाळी आली की पोट दुखतं ते समजलं, पण जुलाब का होतात?

दोन्हीचं मूळ एकच आहे. पाळीच्या वेळी गर्भाशयाचं आतलं अस्तर सुटायला लागतं तेव्हा त्यातून प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन बाहेर पडतं, त्यानं गर्भाशयाचा स्नायू आवळतो आणि अस्तर बाहेर टाकलं जातं, त्याच त्या कळा. ज्यांच्यात हे रसायन जास्त तयार होतं त्यांना कळा जास्त. आता गर्भाशयाच्या अगदी मागं आतडं आहे आणि आतड्याच्या स्नायूवर पण हेच रसायन काम करतं, म्हणून पहिल्या दिवशी सकाळी दोन-तीनदा पळावं लागतं, मळमळतं, कुणाला उलटी होते, कुणाचं डोकं दुखतं, मांड्या आणि कंबर भरून येते. काल बाहेर काय खाल्लं याचा शोध घेत बसू नका. दर महिन्याला त्याच दिवशी होतंय आणि एक-दोन दिवसात आपोआप थांबतंय म्हणजे ते पाळीचंच आहे.

आणि पाळीच्या आधी आठवडाभर उलटंच, शौचाला साफ होत नाही, पोट फुगतं. ते पण यामुळंच का?

ते दुसऱ्या हार्मोनमुळं. पाळीच्या आधीच्या दिवसात प्रोजेस्टेरॉन वाढलेलं असतं आणि त्यानं आतड्याची हालचाल मंद होते असं मानतात, म्हणून गॅस धरतो, ड्रेस कमरेला घट्ट होतो. पाळी आली की ते उतरतं आणि प्रोस्टाग्लँडिन चढतं, म्हणून एकदम मोकळं होतं. ज्यांना मुळातच आयबीएस आहे, म्हणजे परीक्षा आली की पोट बिघडतं, कधी जुलाब कधी बद्धकोष्ठ, त्यांना या दिवसात सगळंच जास्त जाणवतं.

रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्यानंही शौचाला घट्ट आणि काळं होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया निघाला होता, आणि ज्यांना पाळीत अंगावरून जास्त जातं त्यांना तर लोह लागतंच. त्रास होत असेल तर डॉक्टर गोळी बदलून देतात किंवा एक दिवसाआड घ्यायला सांगतात.

किती दुखणं नॉर्मल म्हणायचं?

पाळी सुरू झाल्यावर वर्ष-दोन वर्षांत जे दुखणं चालू होतं, रक्त दिसायच्या काही तास आधी किंवा दिसल्याबरोबर येतं, पहिल्या दिवशी जोरात असतं आणि दोन-तीन दिवसात जातं, गोळीनं आणि शेकानं कमी होतं, ते साधं दुखणं. त्यात आत काही आजार नसतो. पण आजार नाही म्हणजे सहन करत बसायचं असं अजिबात नाही, औषध त्यासाठीच आहे.

दुसरं दुखणं वेगळं असतं. आधी पाळी चांगली होती आणि पंचविशी-तिशीत दुखायला लागलं, दर वर्षी वाढतच चाललंय, पाळी संपली तरी ओटीपोट ठणकतंय, संबंधाच्या वेळी आत दुखतंय, गोळ्या घेऊनपण दर महिन्याला कॉलेज किंवा काम बुडतंय. यातलं एक जरी असलं तरी तपासून घ्या. "आमच्या आईलाही असंच व्हायचं" हे ऐकलं की मला काळजीच वाटते, कारण आईचंही कुणी तपासलेलं नसतं.

गोळी नक्की कधी घ्यायची? माझ्या मैत्रिणीला लागू पडते, मला पडत नाही.

बहुतेक वेळा फरक वेळेचा असतो. मेफेनॅमिक ॲसिड, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन तयारच होऊ देत नाहीत. एकदा ते भरपूर तयार झालं, तुम्ही गुडघे पोटाशी घेऊन पडलात आणि मग कुणाला तरी मेडिकलला पाठवलं, तर गोळी जे आधीच तयार झालंय ते काढू शकत नाही, आणि उलट्या होत असतील तर ती पोटात टिकत पण नाही. म्हणून कंबर धरायला लागली किंवा पहिला डाग दिसला की लगेच घ्यायची, आणि मग कळ येईपर्यंत वाट न बघता पहिला दिवस किंवा दीड दिवस डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतरानं घेत राहायची. आयबुप्रोफेन ४०० असेल तर सहा ते आठ तासांनी, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय दिवसात तीनपेक्षा जास्त नाही. मेफेनॅमिक ॲसिड दोन-तीन दिवसांच्या पुढं नाही. लहान मुलींना डॉक्टरांना विचारूनच द्या, वजनावर डोस असतो.

रिकाम्या पोटी नको. उपवास असला तरी निदान केळं, दूध, थोडा ताकभात. आमच्याकडं येणाऱ्यातल्या अर्ध्याजणी सकाळी नुसत्या चहावर गोळी घेतात आणि मग जळजळ होते म्हणून परत येतात.

दोन वेगवेगळ्या नावाच्या गोळ्या एकत्र घेऊ नका, हे तर मी रोज सांगते. मेफ्टाल (म्हणजे मेफेनॅमिक ॲसिड) घेतली, तासानं बरं वाटलं नाही म्हणून घरातली कॉम्बिफ्लाम घेतली, असं चालत नाही, कारण कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन आहे, म्हणजे एकाच जातीची दोन औषधं झाली, पोटाला आणि किडनीला त्रास. आणि एक बघा, खूप ठिकाणी स्ट्रिप कात्रीनं कापून दोन गोळ्या देतात, नाव अर्ध्या तुकड्यावर, एक्स्पायरीची तारीख दुकानातच राहिलेल्या तुकड्यावर. असा तुकडा पर्समध्ये सहा महिने फिरतो आणि मग ती कसली गोळी हेच कळत नाही. पूर्ण स्ट्रिप घ्या, नाहीतर निदान तिथंच उभं राहून मोबाईलवर फोटो काढून घ्या.

या गोळ्या कुणी घेऊ नयेत?

अल्सर, पोटातून रक्त गेलेलं, किडनीचा त्रास, आधी अशा गोळीनं दमा उठलेला किंवा अंगावर पुरळ आलेलं, प्रेग्नन्सीची शंका. यांना पॅरासिटामॉल जास्त सेफ, जरा सौम्य पडते पण शेकाबरोबर चालते. आणि पावसाळ्यात ताप असेल तर मेफ्टाल, आयबुप्रोफेन काहीच नको, डेंगी असला तर रक्तस्राव वाढू शकतो. नुसती पॅरासिटामॉल घ्या आणि रक्त तपासा.

मेफ्टालवर बंदी आली असं व्हॉट्सॲपवर आलं होतं, खरं का?

बंदी नाही. २०२३ च्या नोव्हेंबरअखेरीस इंडियन फार्माकोपिया कमिशननं मेफेनॅमिक ॲसिडबद्दल सावधानतेची सूचना काढली होती. या औषधानं क्वचित कुणाला ड्रेस (DRESS) नावाची तीव्र ॲलर्जी होते, त्यात ताप येतो, अंगभर पुरळ उठतं, गाठी सुजतात, लिव्हरला पण लागू शकतं, आणि ते गोळी घेतल्यावर लगेच नाही तर दोन ते आठ आठवड्यांनी दिसतं. क्वचितच होतं, पण असं झालं तर डॉक्टरांना मेफ्टाल घेतली होती हे आठवणीनं सांगा. हे शेड्यूल एच चं औषध आहे, म्हणजे चिठ्ठीवर द्यायचं. एकदा डॉक्टरांना दाखवून चिठ्ठी करून घ्या, मग दर महिन्याला चोरून मागायची वेळ येत नाही.

मेफ्टाल-स्पासमध्ये मेफेनॅमिक ॲसिडबरोबर डायसायक्लोमिन पण असतं. त्यानं तोंड कोरडं पडतं, गरगरल्यासारखं होतं, त्या दिवशी स्कूटी जपून चालवा. आणि मेफेनॅमिक ॲसिडनं काहीजणींना जुलाब होतात किंवा वाढतात. गोळी चालू केल्यावर जास्तच पळावं लागत असेल तर डॉक्टरांना विचारून दुसरी बघा.

दर महिन्याला गोळी घेतली तर सवय लागते, मूल राहात नाही म्हणतात?

नाही. या गोळ्यांची सवय लागत नाही, महिन्यातले एक-दोन दिवस घेतल्यानं मूल होण्यात अडचण येत नाही. हे ऐकून पोरी वर्षानुवर्षं दात आवळून बसतात आणि बारावीचा पेपर सुद्धा तसाच देतात, याचं मला फार वाईट वाटतं. चालू महिन्यात बाळ राहावं म्हणून प्रयत्न चालला असेल तर मात्र डॉक्टरांना तसं सांगून घ्या.

जुलाबासाठी वेगळी गोळी देता का?

सहसा नाही देत. प्रोस्टाग्लँडिन थांबवणारी गोळी वेळेवर घेतली की बऱ्याचजणींचे जुलाब पण कमी होतात. तोपर्यंत ओआरएस, एक पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, घोट घोट. अर्धं पाकीट ग्लासात टाकून पिऊ नका. गोड ज्यूसचे पॅक ओआरएससारखे दिसतात, ते ओआरएस नाही. जुलाब बंद करायची गोळी आणि डायसायक्लोमिन दोन्ही एकदम घेतलं तर आतडं अगदी सुस्त पडतं आणि मग चार दिवस शौचाला होत नाही. ताप आहे, शौचातून रक्त पडतंय, तर तसली गोळी मुळीच नको, सरळ दवाखाना.

काय खावं, काय टाळावं?

त्या दोन-तीन दिवसात एकदम पोटभर जेवू नका, थोडं थोडं. ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, मऊ भात, ताक, केळं. खर्डा आणि तर्री आपल्याकडं रोजची, पण ज्यांना जुलाब होतात त्यांनी पहिल्या दिवशी बाजूला ठेवा, मिरचीनं आतडं आणखी चाळवतं. चहा-कॉफीनं पण तसंच, कपावर कप नको. भडंग मला पण आवडतं, पण पोट फुगलेलं असताना मीठ-तिखट-शेंगदाण्यानं बरं वाटत नाही.

आधीच्या आठवड्यात बद्धकोष्ठ होतं त्यांनी तेव्हापासूनच पाणी वाढवा, आणि तासगावचा बेदाणा घरोघरी असतोच, मूठभर रात्री भिजत घालून सकाळी पाण्यासकट खा. आल्यावर बरेच अभ्यास झालेत आणि पहिल्या तीन-चार दिवसात सुंठ किंवा आलं घेतल्यानं दुखणं कमी झाल्याचं त्यात दिसलंय, मळमळीला पण चांगलं. ओवा, बडीशेप, हिंग यानं गॅसला आराम वाटतो, घ्या. हळदीच्या पेठेत राहून सांगते, हळदीचं दूध प्यायला छान आहे पण पाळीच्या कळांवर गोळीऐवजी ते पुरत नाही. दही, लोणचं, चिंच खाल्ल्यानं दुखतं याला काही आधार नाही. डोक्यावरून अंघोळ केल्यानं पण काही होत नाही, उलट गरम पाण्यानं कंबर मोकळी होते.

शेक खरंच काम करतो का?

करतो. ओटीपोटाला शेक दिला तर गोळीइतका आराम मिळाल्याचं अभ्यासात दिसलंय, आणि गोळी अधिक शेक तर आणखी चांगलं. पण पिशवी कपड्यात गुंडाळून, उकळतं पाणी न भरता, वीसेक मिनिटं. रोज तासनतास कडक शेक घेणाऱ्यांच्या पोटावर तपकिरी जाळीसारखे डाग उठतात, ते दिसले तर समजा शेक फार गरम होतोय आणि दुखणंही एवढं आहे की दाखवायला पाहिजे. चार्जिंगची पिशवी प्लग लावलेली असताना अंगावर ठेवू नका.

व्यायामाचं पण तसंच, आठवड्यातून तीनदा पाऊण-एक तास भरभर चालणं किंवा योगासनं असं महिनाभर ठेवलं तर पाळीतलं दुखणं कमी होतं. पाळीतच सुरू करायचं असं नाही.

पलूसवरून एसटीनं कॉलेजला येते, वाटेत लागलं तर काय करू?

हा प्रश्न ऐकला की पोटात तुटतं. ज्या पोरीला पहिल्या दिवशी तीनदा जावं लागतं ती तासाभराच्या एसटीत काय करणार, म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाही, मग चक्कर येते. पाणी तोडू नका. उठल्याबरोबर थोडं खाऊन गोळी घ्या, म्हणजे निघायच्या आधी ती लागू पडेल, जमलं तर एक गाडी उशिरानं निघा. बॅगेत ओआरएसचं पाकीट, पॅड, जादा चड्डी, टिश्यू, दोन काळ्या पिशव्या. पॅडचा खर्च जड जात असेल तर जनऔषधी केंद्रात सुविधा नावाचं पॅड एक रुपयाला एक मिळतं. द्राक्षबागेत विरळणीला, डिपिंगला (घड औषधात बुडवायला) जाणाऱ्यांना तर दिवसभर हात वर करून उभं राहायचं आणि आडोसा पण नाही. तिथं मुकादमाला किंवा मालकीणबाईला गावातल्या चौघी-पाचजणींनी मिळून सांगितलेलं बरं पडतं, एकटीनं सांगायला जीव धजत नाही.

पाळीत शौचाला बसलं की आतून सुरी फिरल्यासारखी कळ येते. मूळव्याध आहे का?

असू शकतं, पण हे फक्त पाळीतच होत असेल तर एंडोमेट्रिओसिसचा विचार करायला पाहिजे. यात गर्भाशयाच्या अस्तरासारखा पेशींचा थर गर्भाशयाच्या बाहेर वाढतो, अंडाशयावर, गर्भाशयाच्या मागं, कधी आतड्यावर. दर महिन्याला तिथंही सूज येते, मग शौचाला कळ, जुलाब-बद्धकोष्ठ आलटून पालटून, पोट फुगणं, कधी पाळीतच शौचातून रक्त, लघवीला दुखणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं जगात मूल होण्याच्या वयातल्या साधारण १० टक्के बायकांना, म्हणजे सुमारे १९ कोटी जणींना हा आजार आहे. तरी ओळखू यायला कित्येक वर्षं जातात, कारण पोटाचं म्हटलं की पोटाच्या डॉक्टरांकडं, ते ॲसिडिटीची गोळी देतात, आणि बायकांच्या डॉक्टरांकडं गेलं की तिथं फक्त पाळीचं सांगतात. दोन्ही एकाच डॉक्टरसमोर एकत्र बोला. माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं हेच आहे.

सोनोग्राफी केली, नॉर्मल आली. म्हणजे मनाचे खेळ का?

मुळीच नाही. सोनोग्राफीत अंडाशयातली चॉकलेट सिस्ट, म्हणजे या आजारात होणारी जुन्या रक्तानं भरलेली गाठ दिसते, पण पोटात पसरलेले या आजाराचे बारीक ठिपके बरेचदा दिसत नाहीत. त्यामुळं रिपोर्ट नॉर्मल असला तरी एंडोमेट्रिओसिस नाहीच असं म्हणता येत नाही. पूर्वी पोटात दुर्बीण घालून बघितल्याशिवाय निदान नाही म्हणायचे, आता लक्षणं आणि तपासणीवरून औषध सुरू करतात, गरज पडली तर एमआरआय, आणि दुर्बीण शेवटी. डॉक्टरनं "सगळ्यांनाच दुखतं" म्हणून परत पाठवलं तर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. सांगली सिव्हिलला आणि मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात स्त्रीरोग ओपीडी आहे, पैशासाठी थांबायची गरज नाही.

जाताना दोन-तीन महिन्यांची कॅलेंडरवरची नोंद न्या. पाळी कधी आली, किती पॅड लागले, दुखणं दहापैकी किती, कितीदा जुलाब, शौचाला दुखलं का, कुठली गोळी कधी घेतली. आमच्याकडच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहितात, त्याच चौकोनात मावतं.

लग्न न झालेल्या मुलीला डॉक्टरांनी गर्भनिरोधक गोळ्या दिल्या, घ्यायच्या का?

घ्यायला काही हरकत नाही, त्या इथं उपचार म्हणून असतात. त्यानं अस्तर पातळ राहतं, प्रोस्टाग्लँडिन कमी तयार होतं, दुखणं आणि रक्त दोन्ही कमी. फरक कळायला दोन-तीन महिने द्यावे लागतात. सुरुवातीला मळमळ होते, रात्री जेवून घेतली की कमी. बंद केल्यावर पाळी आणि मूल होण्याची क्षमता परत येते. फक्त पायात रक्ताची गाठ झालेली, डोळ्यासमोर चमकून येणारी अर्धशिशी, बीपी किंवा सिगारेट असेल तर आधी सांगा. एंडोमेट्रिओसिसला डायनोजेस्ट नावाची हार्मोनची गोळी पण देतात.

वारीला जायचंय, घरात लग्न आहे, पाळी पुढं ढकलायची गोळी द्या ना?

चिठ्ठीशिवाय देत नाही, राग येतो लोकांना, येऊ दे. ते नॉरएथिस्टेरॉन म्हणजे हार्मोन आहे, रक्ताच्या गाठीचा किंवा लिव्हरचा त्रास असणाऱ्यांना धोक्याचं, आणि पोट फुगणं, मळमळ तर होतेच. पाळीच्या तारखेच्या निदान चार दिवस आधी डॉक्टरांना भेटा. दर सणाला घेणाऱ्या बायका आहेत, त्यांनी थांबावं असं मला मनापासून वाटतं.

लग्न झालं, मूल झालं की थांबतं का?

काहीजणींचं साधं दुखणं बाळंतपणानंतर कमी होतं. एंडोमेट्रिओसिस तेवढ्यानं बरा होत नाही. दुखतंय म्हणून मुलीचं लवकर लग्न लावणं हा उपचार नाही.

डॉक्टर म्हणतात गर्भपिशवी काढून टाका, कटकट संपेल?

लगेच हो म्हणू नका. आपल्याकडं उसाच्या सीझनला बीडकडून टोळ्या येतात, त्यातल्या कित्येक बायकांची पिशवी तिशीतच काढलेली, कारण एक दिवस खाडा पडला तर पैसे कापतात. २०१९ मध्ये सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली यावर समिती नेमली होती. पिशवीबरोबर अंडाशयं काढली तर रजोनिवृत्ती लगेच येते, हाडं लवकर ठिसूळ होतात, गरम वाफा येतात. आणि एंडोमेट्रिओसिस आतड्यावर असेल तर पिशवी काढूनही शौचाचं दुखणं राहू शकतं. औषधं करून बघितली का, नक्की आजार कुठला, अंडाशयं ठेवणार का, हे तीन प्रश्न विचारा, आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

लगेच दवाखान्यात कधी न्यायचं?

पाळी चुकलेली आणि एका बाजूला जोराची कळ, चक्कर, खांद्यात दुखणं. तासाला एक पॅड भिजतंय असं दोन तास. ताप आणि वास येणारा स्राव. उजव्या बाजूला खाली दुखणं वाढत जातंय आणि हात लावू देत नाही, ते अपेंडिक्सही असू शकतं. पाणीसुद्धा पोटात टिकत नाही. बेशुद्ध पडली. यात गोळी देऊन वाट बघू नका, १०८ ला फोन करा.

भावाला किंवा नवऱ्याला दुकानात पाठवलं तर चालेल का?

चालेल की, पाठवाच. चिठ्ठी असेल तर सोबत द्या, आणि मी जे विचारणार ते त्याला सांगून पाठवा: वय किती, दमा किंवा अल्सर आहे का, ताप आहे का, दिवस राहिल्याची शंका आहे का, आज आधी कुठली गोळी घेतली आणि किती वाजता, जुलाब-उलटी होतेय का. पोरगं लाजत येतं, कागदावर लिहून दिलं तरी पुरतं.